पाच तासांची बॅटरी

घोंगडीची घडी उलगडली, आतून लॅपटॉप निघाला आणि जिनेंद्रच्या हातातला चहा हातातच राहिला.

लॅपटॉपचं पोट फुगलं होतं. खालचं झाकण स्क्रूसकट उचकटलं होतं आणि कीबोर्डच्या मधल्या कळा उचलल्या गेल्या होत्या.

“मावशी, हे असं कधीपासून?”

“झाला की म्हैना-दीड म्हैना,” रंगुबाई म्हणाली. “तासगावात दाखव, म्हणला सिद्धू. म्हणून आणला.”

सिद्धू तिचा एकुलता एक मुलगा. ती कवठेमहांकाळच्या पुढच्या एका धनगरवस्तीवरून एस.टी.नं आली होती. एवढं अंतर लॅपटॉप तिनं कोकरासारखा मांडीवर धरून आणला होता.

“चार्जिंगला किती वेळ लावता?”

“दिसरात. काढतंय कोण? आन् वरनं घोंगडी.”

“घोंगडी कशाला?”

“धूळ लय उडती. आन् रातचं गार पडतंय न्हवं.”

लॅपटॉपला थंडी वाजते हे जिनेंद्रला आजवर ठाऊक नव्हतं. दुकान टाकून नऊ वर्षं झाली होती त्याला. द्राक्षाचं औषध सांडलेले, उंदरांनी वायर कुरतडलेले, सगळे लॅपटॉप त्यानं पाहिले होते. पांघरूण घेतलेला हा पहिलाच.

“म्हणूनच फुगली. सारखं चार्जिंग, वर उष्णता कोंडलेली. ही बॅटरी आता बदलायची.”

“फुगल्यालीच ऱ्हाऊ दिली तर न्हाई का चालायचं? चालती की.”

“किती वेळ चालते?”

“लाईट गेली की धा मिन्टं. मग मरती. आमच्याकडं रोज सांजंला सहाला लाईट जाती, ती आठाला येती.”

“मग मुलाशी बोलणं कसं होतं?”

“तेवढंच हुतंय,” रंगुबाई म्हणाली आणि पदर सारखा करत हसली. “दिसभर मी सहा वाजायची वाट बघती.”

जिनेंद्रला वाईट वाटलं. तासगावात आता असे आईबाप पुष्कळ झाले होते. पोरं लांब आणि घरात एक लॅपटॉप ठेवलेला. वयस्कर माणसं त्याच्यासमोर चांगले कपडे घालून बसत, आणि समोरचं चित्र अडकलं की धावत जिनेंद्रच्या दुकानात येत.

“काय करतो सिद्धू?”

“कंपनीत हाय. परदेशातली कंपनी. तिकडच्याच येळंनं समदं चालतंय त्येचं.”

“मावशी, ही बॅटरी कधी पेट घेईल सांगता यायचं नाही. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही.”

“पेटती?” रंगुबाईचा चेहराच उतरला. तिनं लॅपटॉप त्याच्याकडं ढकलला. “मग काढा. आत्ताच्या आत्ता काढा.”

वरच्या मजल्यावरून आईचा, राजमतीबाईंचा, जेवायला ये म्हणून फोन आला. “पाच मिनिटं,” म्हणून त्यानं ठेवून दिला. पाच मिनिटांचा तास झाला, पण काम चोख झालं. जुनी बॅटरी त्यानं मागच्या दारी वाळूच्या बादलीत ठेवली.

“हं. आता लाईट जाऊ दे, नाहीतर खांब पडू दे. पाच तास हलायची नाही.”

“पाच तास?”

“आणि नीट वापरली तर तीन वर्षं बघायला नको. पूर्ण उतरू द्यायची नाही, उन्हात ठेवायची नाही, भरली की वायर काढायची. आणि घोंगडी अजिबात नाही.”

“तीन वर्सं,” रंगुबाई हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. जिनेंद्रचेही भरून आले, आणि त्यानं मजुरी घेतली नाही.

अठराव्या दिवशी रंगुबाई परत आली. हात रिकामेच होते.

“ती जुनी बॅटरी हाय का वं शेट?”

“ती? ती कधीच गेली, मावशी. कशाला हवी होती?”

“तशीच दुसरी असंल की एखांदी. न पेटणारी. पर धा मिन्टंच चालणारी.”

जिनेंद्रला काही उमगेना. “नवीन बिघडली का? फुगली?”

“न्हाई. लय ग्वाड चालती. घोंगडी बी घातली न्हाई म्या. घालावी वाटत हुती, पर तुमी म्हणला पेटती, मंग जीव हुईना.”

“मग मुलाशी बोलणं होतंय ना रोज?”

“अठरा दिस झालं. न्हाई बोलला.”

तिनं पदर डोळ्याला लावला. जिनेंद्रनं स्टूल पुढं केलं, पाण्याचा तांब्या दिला. तिनं दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवला.

“लय आठवण येती वं त्येची,” ती म्हणाली. “सांजंला प्यायला हुलग्याचं गरम माडगं करती, त्येला आवडतं म्हणून. निवून जातंय.”

जिनेंद्रला त्या पोराचा भयंकर राग आला. नवीन बॅटरी, पाच तास, सगळं हाताशी, आणि आईला फोन लावायला सवड नाही. त्याचा स्वतःचा फोन वाजला. वरून आई बोलावत होती. त्यानं तो कट केला.

“मावशी, त्याचा नंबर द्या. मी चांगला बोलतो त्याला. कुठल्या देशात असतो?”

रंगुबाईनं नवलानं त्याच्याकडं पाहिलं.

“देशात? आतल्या खोलीत असतोय की. पयलं लाईट जायाची, बॅटरी मरायची, मंग भायेर येऊन माझ्यापाशी बसायचा.”