उजव्या छातीवरचा खिसा

कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर होता. काजंही उजवीकडेच. पुरुषाचा कोट, आणि सगळा उलटा. खिशाची चीर मारून झाली होती, त्यामुळे उसवून सरळ करायची सोय नव्हती. त्या कापडाचा तागाही संपलेला.

आत्यानं तो टेबलावर पसरला आणि भाचीला हाक मारली. दुकानात शिकायला येणाऱ्या बाकीच्या दोघींनी मशीन थांबवलं. गल्लीत आत्याला कात्रीबाई म्हणत, आणि ते काही शिवणकामामुळे नव्हे.

"हे काय गं?"

"खिसा."

"खिसा! तेवढं मलाही दिसतं. कुठल्या बाजूला?"

भाचीनं कोटाकडे बघितलं, मग हातातल्या मोबाईलकडे. "व्हिडिओत असाच होता आत्या."

"कुणाच्या व्हिडिओत?"

"तुझ्याच."

गेल्या आठवड्यात आत्या खिसा शिकवत असताना हिनं मोबाईल टेबलावर उभा केला होता. हात नीट दिसताहेत का ते कळावं म्हणून, आपला चेहरा बघतात त्या कॅमेऱ्यानं. आरशात होतं तसं डाव्याचं उजवं झालं होतं.

आत्याचं डोकं फिरलं. चार हातांवर जिवंत बाई बसलीय, आणि ही तिचा सिनेमा बघून कात्री चालवते! माप विचारावं तर या पोरी फोटो दाखवतात. टाका विचारावा तर म्हणतात, थांबा, सापडत नाहीये. डोक्यात काही ठेवायचंच नाही, डोकं भाड्यानं दिल्यासारखं.

"तोंड शिवलं होतं का तुझं? मला विचारता येत नव्हतं?"

"तू ओरडतेस," भाची म्हणाली. "व्हिडिओ दहादा बघितला तरी ओरडत नाही."

मागे एकीला हसू फुटलं. आत्यानं मान वळवून नुसतं बघितलं आणि मशीन खडखडायला लागलं.

तेवढ्यात कोटवाला आलाच. आठ महिन्यांपूर्वी नोकरी गेलेला कारकून. लपवायला वेळच मिळाला नाही. त्यानं टेबलावरचा कोट उचलून अंगात घातला, शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि सवयीनं डाव्या छातीवर नेलं. हात तिथंच चाचपडत राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "उद्या दहाला मुलाखत आहे. मी काय घालून जाऊ?"

त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर देता आलं असतं.

"माझ्या हाताखाली असलं काम होत नाही," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. मी डावीच सांगितली होती, माझ्याच तोंडून ऐका." तिनं भाचीच्या हातातून मोबाईल हिसकावला. पडद्यावर तिचे हात चालले होते, मागे तिचं तोंडही हलत होतं, पण ऐकू काहीच येत नव्हतं. "आवाज का बंद आहे याचा? वाढव."

भाची हलली नाही.

"वाढव म्हणते ना!"

भाचीनं बोट दाबलं.

"डावी गं, डावी बाजू!" मोबाईल कडाडला. दुकानभर ऐकू गेलं. आत्यानं कोटवाल्याकडे विजयानं बघितलं. "डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या? काल सांगितलं, आज सांगतेय. पुन्हा विचारायला आलीस तर ही पट्टी पाठीत मोडीन."

कोटवाल्यानं नजर वळवली. कोट काढून त्यानं घडी घातली, फार जपून, जणू तो चांगलाच आहे.

"बघतेस काय टकामका? तुझ्या बापानं तुला माझ्या गळ्यात बांधलीय म्हणून..."

आत्यानं काचेवर बोटं दाबली. इथं दाबलं, तिथं दाबलं. आवाज थांबेना.

"गप बस गं मेले!" ती ओरडली.

भाची दचकली. पण आत्या तिच्याकडे बघतही नव्हती.

भाचीनं हात लांब करून आवाज बंद केला. चित्र मात्र चालूच राहिलं. दोन सराईत हात खडूच्या रेघेवरून कात्री फिरवत होते, उजव्या बाजूला, जराही न थरथरता.