नवे पेले

"आमच्याकडे भेदभाव नावालाही नाही, मॅडम," मुख्याध्यापक पुन्हा पुन्हा सांगत होते, तेव्हाच मला शंका आली.

समान वागणुकीचं धोरण शाळांमध्ये कितपत पाळलं जातं, ते बघायला मी आले होते. व्हरांड्यात सगळी पोरं एकाच पंगतीत खिचडी खात होती. प्रत्येकासमोर स्टीलचा पेला होता, आणि बऱ्याच पेल्यांवरचं दुकानाचं लेबल अजून निघालेलं नव्हतं.

पाण्याचा जग मीच उचलला. "राहू द्या, मॅडम," मुख्याध्यापक घाईने म्हणाले.

पाणी वाढत वाढत मी एका मुलीपाशी पोहोचले. मला बघताच ती पेला तसाच ठेवून उठली, पंगतीबाहेर जाऊन उकिडवी बसली आणि तिनं ओंजळ पुढे केली.

शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "अगं, आज पेल्यातून प्यायचंय."