चार कोपऱ्यांतलं घर

चित्रकलेच्या बाईंनी पोरांना कोरे कागद दिले आणि घरातल्या माणसांइतके काळे चौकोन. "चिकटवून आपलं घर दाखवा. फक्त कागदाचा तोल सांभाळा." नमुना म्हणून स्वतःचा कागद त्यांनी फळ्यावर लावला होता: चार कोपऱ्यांत चार चौकोन, मोजूनमापून.

मागच्या बाकावरच्या मुलीने मात्र सहाही चौकोन एका कडेला एकमेकांच्या अंगावर चिकटवले.

"अगं, सगळा भार एकीकडेच. कलंडेल की तुझं घर."

"कलंडू दे, बाई. आम्ही असेच झोपतो. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, पत्ता लागत नाही." ती फळ्याकडे बघत राहिली. "बाई, तुमच्या घरी अबोला आहे?"

"कागद गोळा करा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. नवऱ्याच्या, मुलाच्या आणि मुलीच्या बंद दारांखालून उजेड येत होता. त्यांनी चपला काढल्या, आवाज न करता उरलेल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

घर कुठूनच कलंडलं नाही.