हाताखालचा हात

सरांनी तिचा निबंध सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला आणि शेवटी मोठ्याने म्हणाले, "शून्य." मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. तिची कानशिलं तापली.

कलेचा इतिहास आणि समीक्षा हा विषय तिने घरात सगळ्यांशी भांडून घेतला होता. घरचे तिला मिरची म्हणायचे ते काही उगाच नाही. पदवीचा हा शेवटचा निबंध. यात नापास म्हणजे तीन वर्षांची मेहनत पाण्यात. आणि निबंध तरी कशावर, तर विभागाच्या अंधाऱ्या बोळातल्या एका चित्रावर. सुईत दोरा ओवणारी बाई. खाली सरांच्या अक्षरात चिठ्ठी: 'आगीत गेलेल्या मूळ चित्राची नक्कल.' हे चित्र मूळ की नक्कल, हा सरांचा ठरलेला प्रश्न. दरवर्षी पोरं निमूट लिहीत, नक्कल.

तिने लिहिलं, मूळ.

आणि हवेतल्या गप्पा नव्हेत. बाईचा उजवा हात नीट पाहिला की त्याच्याखाली पुसटसा आणखी एक हात दिसतो. चित्रकाराने आधी हात मांडीवर ठेवला, मग पटलं नाही म्हणून रंग चढवून वर उचलला. नक्कल करणारा हा उपद्व्याप कशाला करील? त्याच्यापुढे हात तयारच असतो. खाडाखोड करतो तो मूळ चित्रकार. हे सरांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि आता तेच शून्य देत होते.

तास संपल्यावर सरांनी तिला चित्रापाशी थांबवलं.

"तुला चित्र बघता येतं," ते म्हणाले. "आता चौकटीच्या बाहेरही बघ."

हे त्यांचं नेहमीचं पालुपद. चित्र कोणाच्या ताब्यात होतं, त्याचं पुढे काय झालं, निम्मी समीक्षा तिथेच असते म्हणे. बोलताना ते तिच्याकडे बघतही नव्हते. बोळाच्या टोकाला उघड्या दारातून आवारातला रिकामा चौथरा दिसत होता, तिकडे त्यांची नजर होती. तिथे पूर्वी कसलासा ब्राँझचा पुतळा होता. आता पोरं त्यावर चहाचे कप ठेवत. सरांनी खिशातलं फडकं काढून चौकटीवरची धूळ टिपली आणि ते निघून गेले. चित्राशेजारच्या खिडकीला त्यांनी स्वतःच्या हाताने काळा कागद चिकटवला होता. चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली. कोणाला धड दिसूच नये, ही सोय.

घरी ताई शाळेतल्या मुलांची चित्रं तपासत बसली होती. ताईची पदवी याच विषयातली, याच सरांच्या हाताखालची, आणि तीही पहिल्या क्रमांकाची. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि पुरवणी परीक्षेत नक्कल लिहून मोकळी हो म्हणाली.

"तू काय लिहिलं होतंस?"

"नक्कल."

"लाज नाही वाटली?"

"दिसतं ते सगळं बोलायचं नसतं, मिरचे. सरांचं ऐक."

तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. होयबा नुसते. म्हणूनच तू जन्मभर पोरांना सफरचंदाची चित्रं शिकवत बसणार, असं ती ताईला तोंडावर म्हणाली.  ताईने पुढचं चित्र ओढलं.

दुसऱ्या दिवशी ती थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांच्या नव्या काचेच्या केबिनमध्ये तिने सगळं सांगितलं. एका प्राध्यापकाच्या हेकटपणापायी आपलं वर्ष जाणार, यावर न्याय हवा, म्हणाली. अध्यक्षांनी आयुष्यात त्या बोळात पाऊल टाकलं नव्हतं, पण त्यांनी मन लावून ऐकलं. नक्की का, असं पुन्हा पुन्हा विचारलं.

बाहेरून तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी दिवा तिरका धरून हात पाहिला, चित्राचं कापड मागच्या बाजूने पाहिलं. सर भिंतीला टेकून उभे होते. अध्यक्षांनी विचारलं तेव्हाही ते म्हणाले, "नक्कल आहे. मी खात्रीने सांगतो."

"मुलीचं बरोबर आहे," तज्ज्ञ बाई म्हणाल्या.

जिरली एकदाची. तिने सरांकडे मुद्दाम रोखून पाहिलं. त्यांनी चिठ्ठी हलकेच सोडवून खिशात ठेवली आणि ते वर्गावर गेले. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले, अध्यक्षांनी हार घालून फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात ती चित्र बघायला गेली, तर भिंतीवर नुसता फिकट चौकोन. आवारात दोघं जण एक लाकडी खोकं गाडीत चढवत होते. अध्यक्ष हसत पुढे आले.

"नव्या इमारतीच्या पैशांचा प्रश्न सुटला बघ. कोनशिलेवर तुझं नाव टाकू. चौथऱ्यावरचा पुतळा विकला त्या वेळी तुमच्या सरांनीच लेख लिहून त्याचं मोल दाखवलं होतं. तेव्हा तेही असेच होते, तुझ्यासारखे हुशार."

ती घरी आली ती चप्पल भिरकावतच. विकलं त्यांनी, ती ओरडली. इतक्या वर्षांत एकाला जरी तो हात दिसला असता, तर सगळ्यांनी मिळून काही केलं असतं. पण नाही, सगळे आंधळे. सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची आंधळी रांग.

ताईने एका मुलाच्या कागदाची मागची बाजू पुढे घेतली. पेन्सिलीने सुई धरलेला हात काढला. मग त्याच्याखाली, पेन्सिल हलकी धरून, मांडीवरचा दुसरा हात काढला. त्याचा अंगठा किंचित आत वळलेला होता. ते काही मिरचीच्या लक्षात आलं नव्हतं.

"दरवर्षी सगळ्यांना दिसायचा," ताई म्हणाली. "म्हणूनच सगळे नक्कल लिहायचे."