शेवाळ्यांची मुकी जादू

“ठमी झोपलेली असताना ती वानरसेना घरात आणू नकोस,” असं सासूबाई निघताना बजावून गेल्या होत्या. सुनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. ठमी झाल्यापासून, म्हणजे दहा महिन्यांनी, पहिल्यांदाच खेळ मांडायला मिळत होता. फासे टाकायचे, आपापलं पात्र व्हायचं आणि राक्षस मारायचा. खेळ चालवणार ती. ठमी उठली की खेळ बंद, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून तर तिने नियमच बदलून टाकले होते.

खेळाच्या पुस्तकात मंत्र खड्या आवाजात म्हणावा लागतो, त्याशिवाय जादू लागत नाही. तिने सगळ्यांना शेवाळे करून टाकलं. ही तिनेच रचलेली जमात. अंगभर शेवाळ, आणि कंठ मुळातच नाही. जादू फक्त हातांनी. मुठी उघडल्या की उजेड. कोपरं हलवली की वादळ. स्वतःचं नाक धरलं की समोरच्याची तलवार वितळते. तोंडातून आवाज निघाला, तर एक डाव बेडूक.

दुपारभर नुसता धुमाकूळ, तोही बिनआवाजी. नवरा दोनदा बेडूक झाला. दातांची डॉक्टर असलेली मैत्रीण वादळ आणताना खुर्चीवरून घसरली आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली. नणंदेला शिंक आली, ती तिने नाक धरून दाबली, आणि राक्षसाची तलवार वितळली. हे धरायचं की नाही, यावर हातवाऱ्यांनीच कडाक्याचं भांडण झालं. ठमीच्या आईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं, पण एक कान आतल्या खोलीकडे. तिथे मात्र चिडीचूप.

शेवटचा फासा नणंदेचा. वीस बाजूंच्या त्या फाशावर वीसच्या वीस पडले. राक्षस आडवा. ती उडी मारून उठली, आणि तिचा धक्का लागून फाशांचा पत्र्याचा डबा फरशीवर आदळला. झाकण खणखणत पार आतल्या खोलीत गेलं.

सगळे थिजले. ठमीची आई चवड्यांवर धावली.

ठमी जागीच होती. कधीपासून कोण जाणे. गादीवर दाराकडे पाठ करून बसलेली, बाहुलीचा पाय चघळत. झाकण तिच्या मागे अजून डुगडुगत होतं.

नणंद खांद्यावरून डोकावली आणि सुटकेच्या आनंदात कुजबुजली, “वाचलो, वहिनी. तिला ऐकूच गेलं नाही.”

बाहेर नवरा आणि मैत्रीण मुक्यानेच नाचत होते. आईसुद्धा हसतच होती. मग थांबली. ठमीच्या मागे उभं राहून तिने टाळी वाजवली. पुन्हा वाजवली, तळहात चुरचुरेपर्यंत. चघळणं चालूच. ती पुढ्यात जाऊन बसली. तिला पाहताच ठमी खुदकन हसली आणि तो ओला पाय तिच्यापुढे धरला.

तुमच्या घरातलं बाळ फारच गुणी असेल, कशानेही दचकत नसेल, तर आत्ता उठा, त्याच्या पाठीमागे जा आणि एक टाळी वाजवून बघा.