केतकी वर्ण

“हे काय केलंस? तोंड गोरं कर तिचं,” माई म्हणाल्या.

मृणालिनीने कापूस गुंडाळलेली काडी खाली ठेवली. खिडकीपाशी, भिंतीला टेकवलेल्या पाटावर कुंदाचा फोटो होता. कुंदा म्हणजे श्यामसुंदरची पहिली बायको. ती अहेवपणी गेली, आणि वर्षभराने मृणालिनी या मुलुंडच्या घरात आली. उद्या अविधवा नवमी. कुंदाच्या नावाने सवाष्ण जेवायची होती, ठाण्या-कल्याणची नातेवाईक मंडळी यायची होती, आणि सासूबाईंना भिंतीवर फोटो रंगीत हवा होता. “घरात शिकलेली असताना बाहेर कशाला द्यायचा?” असं माईच म्हणाल्या होत्या.

शिकलेली म्हणजे एका पावसाळ्यापुरती. घाटकोपरला पद्मजाबाई दुपारी बायकांना काळ्यापांढऱ्या फोटोंवर रंग चढवायला शिकवत. नवशिक्यांचा पहिला धडा ठरलेला असे. फोटोचे तेलरंग पारदर्शक असतात. ते खालचं झाकत नाहीत, नुसते वर बसतात. गालाला लाल थोडा लावला तर माणूस लाजल्यासारखा दिसतो, जास्त झाला तर ताप आल्यासारखा. चुकलं तर टर्पेंटाइनने पुसावं आणि पुन्हा लावावं. पांढऱ्या जाड रंगाला मात्र त्या हात लावू देत नसत. “तो तोंडावर लावलात की माणूस जातो आणि मुखवटा उरतो,” असं त्या म्हणायच्या.

माईंनी रंग भराभर सांगितले होते. लुगडं डाळिंबी, चोळी मोतिया, बांगड्या हिरव्या. सगळं नीट बसलं. कुंकवापाशी मृणालिनीचा हात जरा थांबला, मग तिने तेही गोल, ठसठशीत रेखलं. चेहऱ्याचं विचारलं तेव्हा माई म्हणाल्या, “त्यात काय विचारायचं? केतकी!”

हा शब्द तिला नवा नव्हता. माप ओलांडून ती आत आली, तेव्हाच माईंनी तिच्या तोंडाकडे बघत शेजारणीला सांगितलं होतं, “आमची कुंदा केतकी होती हो.” पुढे त्याला निमित्त लागेनासं झालं. हिरवं पातळ नेसली तरी केतकी, आरशासमोर दोन क्षण जास्त उभी राहिली तरी केतकी. मृणालिनीने डाळीचं पीठ लावून पाहिलं, साय लावून पाहिली, आणि मग सोडून दिलं.

आज तिने फोटोला केतकीच रंग लावला होता. पुसून पुन्हा लावला होता. तरी खालून वर येत होती ती सावळी कुंदा.

“माई, फोटोतच सावळ्या आहेत त्या.”

“फोटोवाल्यानं काळा काढलाय मेल्यानं.”

“मग गजरा कसा पांढराशुभ्र आला?”

माईंनी गजऱ्याकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या आणि गणपतीच्या मखरासाठी आणलेल्या पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन आल्या. “हे लाव. उद्या माणसं येतील ती काय म्हणतील, ठाऊक आहे? दुसरीनं जळून पहिलीला काळी केली. मला नाही गं, तुला म्हणतील.”

ते खरं होतं. तसंच म्हणाले असते, आणि वर्षानुवर्षं म्हणत राहिले असते. मृणालिनीने बाटली उघडली. कुंचला बुडवला.

कुंदाचा एवढा एकच फोटो होता. काढणाऱ्याचं दुकान कधीच उठून गेलं होतं. फोटोत कुंदा गंभीर बसली होती, पण ती गंभीर नव्हती. हसू नका असं सांगितल्यावर ज्यांना जास्तच हसू येतं, त्यांच्यातली ती होती. दाबलेलं हसू ओठांच्या कडेला बारीक सावलीसारखं उरलं होतं. पांढरा लागला की सगळ्यात आधी तेच बुजणार होतं.

मृणालिनीने कुंचला पाण्याच्या वाटीत धुऊन टाकला.

“मला नाही जमायचं, माई. म्हणू देत काय म्हणायचं ते.”

“जमायचं नाही, की करायचं नाही?”

“करायचं नाही.”

माईंशी असं कुणी बोलत नसे. खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या अण्णांनी, मृणालिनीच्या सासऱ्यांनी, पान खाली केलं. ते उठले, फोटो कडेने धरून उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

“हीच ती,” अण्णा म्हणाले. “अगदी हीच.”

“अहो, तुम्हाला काय कळतंय रंगातलं?”

“रंगातलं नाही कळत, पण कान शाबूत आहेत माझे. जिवंत होती तोवर तिलाही तू काळीच म्हणायचीस.”