मास्तरांचा घसा
वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी निवृत्त मास्तर वीस वर्षं पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करत होते. पण यंदा भूगोलात त्यांचं खाकरणं कापायचंच राहिलं आणि पुस्तक तसंच शाळेत पोचलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "या घशाचं काही खरं नाही," म्हणत ते स्टुडिओची किल्ली परत द्यायला आले, तेवढ्यात शाळेतून फोन आला. "घ्या, आली तक्रार!" ते पुटपुटले. स्पीकरवर वर्गभर कल्ला. एक मुलगी ओरडली, "आजोबा, इतिहासातपण खाकरा ना! तुम्ही महत्त्वाच्या ओळीआधीच खाकरता. आम्ही तेवढंच पाठ केलं, सगळं पेपरात आलं!" एकेकाळी त्यांच्याच वर्गात शिकलेल्या एडिटिंगवाल्या ताई खो-खो हसल्या. "वर्गातली खोड काही गेली नाही, मास्तर!" मास्तर सवयीनं नुसतेच खाकरले. पलीकडे अख्खा वर्ग क्षणात चिडीचूप. किल्ली हळूच खिशात टाकत मास्तर म्हणाले, "उद्यापासून इतिहास."